पाठीवरचं उत्तर

सोमवार

टेबलावर सिरिंजा ओळीनं मांडल्या आहेत. एकीलाही सुई नाही. बाकावरच्या काकूंची नजर मात्र त्यांच्यावरून हलत नाही. "टोचायचं काहीच नाही, काकू," हातमोजे चढवता चढवता निवासी डॉक्टर म्हणते. "नुसतं चिकटवायचं. शुक्रवारपर्यंत पाठ कोरडी ठेवायची, एवढंच तुमच्याकडे."

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातली ही खोली. विभागाच्या मॅडमनी परवानगी दिली आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारलं जातं, आणि त्यांची हरकत नसेल तेव्हाच मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते. नोव्हेंबर लागला आहे. उन्हाळ्यात घामानं पट्ट्या सुटतात, म्हणून हवा गार झाली की पॅच टेस्टची यादी लांबते.

डॉक्टर एक पट्टी उलटी करून टेबलावर ठेवते. पांढऱ्या चिकटपट्टीवर ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्या, पाच-पाचाच्या दोन रांगा. एकेका वाटीचा व्यास आठ मिलिमीटर. ती सिरिंज दाबते आणि वाटीत मलमाची बारीक रेघ पडते. निकेल सल्फेट. पोटॅशियम बायक्रोमेट. कोबाल्ट. राळ. इपॉक्सी. केस काळे करणाऱ्या रंगातलं पॅराफेनिलिनडायामिन, ज्याला इथे सगळे पीपीडी म्हणतात. रबरातलं थायुरम. जखमेच्या मलमातलं निओमायसिन. सुगंधी द्रव्यांचं मिश्रण. गाजरगवताचा अर्क. एका वाटीत मात्र नुसतं व्हॅसलिन भरलं जातं. बहुतेक पदार्थ व्हॅसलिनमध्येच कालवलेले असतात, त्यामुळे ती जागा कोरी राहिली तरच बाकीच्या खुणा खऱ्या धरायच्या.

वीस वाट्यांचा हा संच भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी, इथल्या माणसांच्या अंगाला रोज काय काय लागतं ते पाहून ठरवलेला आहे. पद्धत त्याहून पुष्कळ जुनी. १८९५ मध्ये योजेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या परिषदेत ती मांडली. पाऱ्याच्या औषधानं ज्यांचं अंग उठत होतं, त्यांच्या चांगल्या त्वचेवर तोच पदार्थ थोडासा लावायचा, झाकायचा आणि वाट पाहायची. आज या खोलीत तेच चाललं आहे.

मॅडम आत येतात. केसपेपर उघडण्याआधी त्या काकूंचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरतात. काकू सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची मेस चालवतात. उजवा हात बरा आहे. डाव्या हाताचा अंगठा, त्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, या तिघांची टोकं मात्र कोरडी, जाड आणि भेगाळलेली. भेगांत हळद बसली आहे. अनामिका आणि करंगळी स्वच्छ.

"सुरी उजव्या हातात धरता ना?"

"हो."

"म्हणजे लसूण डाव्या हातात."

काकू चमकून बघतात. "हे कुठं लिहिलंय?"

"पाकळी धरता तिथेच फुटलंय, बघा."

लसणातलं डायअलिल डायसल्फाइड हे रसायन ही तीन बोटं पकडतं. आचाऱ्यांच्या आणि घरात स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातांवर ही खूण पुन्हा पुन्हा दिसते. काकूंच्या पट्टीला एक वाटी वाढवली जाते. ताजा लसूण ठेचून पाठीवर बांधायचा नाही, हे मॅडम शिकाऊ डॉक्टरांना बजावतात. त्यानं ॲलर्जी नसलेल्या माणसाचीही कातडी भाजते. म्हणून ठरलेल्या प्रमाणात सौम्य केलेला घटकच वापरायचा.

भाजणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी, हे इथे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात राहिले, तर कुणाचेही हात आज ना उद्या फुटतील. तो पदार्थाचा मारा. ॲलर्जीत मात्र त्या एका माणसाच्या शरीरानं त्या एका पदार्थाला शत्रू ठरवलेलं असतं. मग चिमूटभरही पुरतं, आणि शेजारच्याला काहीच होत नाही. हातांवर दोन्ही एकत्र नांदतात. माऱ्यानं कातडी फुटते आणि फुटलेल्या कातडीतून ॲलर्जीचा पदार्थ आत शिरतो.

पुढचे गवंडी आहेत, बीडकडचे. पँटच्या शिवणीत वाळलेला गिलावा अजून आहे. हाताच्या पाठी काळवंडून जाड झाल्या आहेत, बोटांच्या बेचक्यांत चिरा, मनगटापर्यंत खरूज असावी तसे खाजवल्याचे वण. खिशातून ते पिळून चपटी झालेली ट्यूब काढतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली. एकाच मलमात स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक.

"हे लावलं की चार दिस बरं वाटतं, मॅडम. सोडलं की दुप्पट."

"खाज दबते दादा, कारण तसंच राहतं. आणि कातडी पातळ होते ती वेगळीच."

पट्टी लावताना ते मान वळवून विचारतात, "मी पोरगा होतो तवापासनं माल कालवतोय. इतकी वर्सं काही झालं नाही, मग आताच कसं?"

बाकावरच्या सगळ्यांचा हाच प्रश्न असावा, कारण बोलणं थांबतं. मॅडम घाई करत नाहीत. पदार्थाचा अगदी बारीक कण कातडीत शिरतो, तिथल्या प्रथिनाला चिकटतो, असं त्या सांगतात. कातडीत लँगरहॅन्स नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्या हा ऐवज जवळच्या लसिकाग्रंथीत घेऊन जातात आणि तिथल्या टी पेशींना त्याची ओळख पटवतात. ओळख पक्की व्हायला निदान दहा-पंधरा दिवस लागतात. कुणाच्या बाबतीत ती पहिल्या महिन्यात होते, कुणाच्या बाबतीत वीस वर्षं रोज हात घातल्यावर एके दिवशी होते. एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. त्यानंतर तो पदार्थ पुन्हा लागला की टी पेशी जमायला एक ते तीन दिवस घेतात.

"म्हणजे आज खाजतंय ते आजचं नाही?" काकू मध्येच विचारतात.

"बरोबर. परवाचं असू शकतं. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही."

गांधी उठतात त्या ॲलर्जीत मिनिटांत फुगतं. तिच्यासाठी हातावर टोचून करायची चाचणी आणि रक्ताच्या तपासण्या असतात. पदार्थ कातडीला लागून होणाऱ्या या रोगाला त्यांचा उपयोग नाही. हा रोग सावकाश येतो, म्हणून चाचणीही सोमवारी लावून बुधवारी काढायची आणि शुक्रवारी पुन्हा वाचायची.

एका तरुणाला मात्र आज परत जावं लागतं. गावाकडे मिळालेल्या बारीक गोळ्या तो रोज घेतो आहे. मॅडम पाकीट बघतात, प्रेडनिसोलोन. या गोळ्या टी पेशींना गप्प बसवतात, त्यामुळे पाठ कोरी दिसेल आणि ते खोटं असेल. "पण गोळ्या एकदम सोडू नकोस हं," त्या त्याला दोनदा सांगतात. हळूहळू कमी करायचा तक्ता लिहून देतात, पुढची तारीख देतात.

शेवटी दौंड तालुक्यातले एक आजोबा येतात. डोक्यावरचा टॉवेल त्यांनी कपाळापर्यंत ओढला आहे. तो काढल्यावर दिसतं, चेहऱ्याची कातडी सुरकुत्यांच्या जागी घड्या पडाव्यात इतकी जाड झाली आहे. पापण्या, मानेच्या बाजू, सदऱ्याच्या उघड्या गळ्याखालचा त्रिकोण, कोपरांच्या आतल्या खळग्या, सगळं काळपट आणि खरखरीत. मागच्या महिन्यात हे सगळं लाल होतं. औषधांनी शांत झाल्यावर आज त्यांची पाठ चाचणीला घेतली आहे.

"रानात गेलं की तोंड पेटतं," ते म्हणतात. "घरात बसलं की इझतं."

डॉक्टर मार्करनं प्रत्येक पाठीवर पट्टीच्या कडा आखते. सूचना एका दमात येतात, पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे: आंघोळ कमरेखालीच. घाम येईल असं काम नाही. पाठ उन्हात नाही. खाजलं तर खाजवायचं नाही, ते बुधवारी आम्हाला सांगायचं. "आणि येताना घरातलं आणि कामावरचं जे जे अंगाला लागतं, ते पिशवीत घेऊन या. साबण, तेल, क्रीम, रंग, चप्पल, हातमोजे, सगळं. पाकिटासकट."

बुधवार

पट्ट्या निघतात. पाठींवर वाट्यांचे गोल ठसे आहेत, सगळेच लालसर. आत्ता कुणी काही वाचत नाही. दाबामुळे आलेली लाली ओसरायला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो, तोवर मंडळी पाठ भिंतीला न टेकवता बसून राहतात.

हा वेळ पिशव्यांचा. एका कॉलेजच्या मुलीनं कानातल्यांचा डबाच ओतला आहे. तिच्या कानांच्या पाळ्या ओघळत आहेत आणि बेंबीखाली, जीन्सचं बटण येतं तिथे, रुपयाएवढा खरबरीत चट्टा आहे. डॉक्टर कापसाच्या काडीवर दोन बाटल्यांतले थेंब घेते, अमोनिया आणि डायमिथाइलग्लायॉक्झिम, आणि काडी एका झुमक्यावर घासते. कापूस गुलाबी होतो. दुसरा झुमका, पुन्हा गुलाबी. जीन्सचं बटण, गडद गुलाबी. तिसऱ्या कानातल्यावर कापूस पांढराच राहतो, आणि मुलगी ते वेगळं काढून ठेवते. गुलाबी म्हणजे घामात उतरेल असं निकेल. "घड्याळाचा पट्टा, चष्म्याची काडी, पर्सची साखळी, सगळं घासून बघू या," डॉक्टर म्हणते. मुलीची आई काड्या धरायला पुढे सरसावते.

डेन्मार्कनं १९९०च्या सुमारास अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावं यावर मर्यादा घातली. युरोपीय संघानं १९९४ मध्ये तसाच कायदा केला. त्यानंतर तिथल्या तरुण मुलींमध्ये ही ॲलर्जी घटत गेली. कान टोचणं थांबलं नाही, दागिने थांबले नाहीत, धातू बदलला. आपल्या जत्रांत आणि लग्नसराईत इमिटेशनचे दागिने ढिगानं विकले जातात, आणि कान तर आपण तान्ह्या बाळाचेही टोचतो. तिथे हा नियम किती मुलींचे कान वाचवेल, हे मला समोरच्या गुलाबी कापसांकडे बघताना स्पष्ट दिसतं.

दारातून एक आजी लंगडत आत डोकावतात. ही त्यांची खोली नव्हे, पण मॅडम त्यांना बसवून घेतात. गुडघ्यावर फोड, भोवती लाल सूज आणि मधोमध काळा डाग. गुडघा धरला म्हणून शेजारणीनं बिब्बा घातला. बिब्ब्याच्या तेलानं भाजतं, आणि त्यातल्या द्रव्यांची कडक ॲलर्जीही बसते. पूर्वी परीट कपड्यांवर याच रसानं खूण करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नि कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्याची नोंद केली. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याच्या देठाचा चीक, ही सगळी एकमेकांची भावंडं. "आजी, आता बिब्बा कधीच नाही. आणि आंब्याचा चीक लागला तर लगेच धुवायचं," मॅडम सांगतात आणि त्यांना ड्रेसिंगला पाठवतात.

वाचन सुरू होतं. मॅडम बोटाचं टोक प्रत्येक ठशावरून फिरवतात; नुसती लाली पुरत नाही, कातडी हाताला घट्ट लागली पाहिजे. त्या बोलतात, शिकाऊ डॉक्टर लिहून घेते. संशयास्पद. एक अधिक. बारीक फोड असतील तर दोन अधिक. मोठे फोड आणि ठशाबाहेर पसरलेली सूज असेल तर तीन.

निवृत्त शिक्षक असलेले सर पाठमोरे बसले आहेत. पीपीडीचा ठसा दुरूनही दिसतो. सुजलेला, वर पाण्याचे बारीक फोड. "दोन अधिक," मॅडम म्हणतात. सर वर्षानुवर्षं केस रंगवतात. दिवाळीआधी रंग लावला आणि दोन दिवसांनी सकाळी डोळे उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या.

"पण मी रंग वापरतच नाही, मॅडम. हर्बल मेंदी आहे. हे बघा." ते पिशवीतून पाकीट काढतात. समोर हिरवी पानं छापलेली. मॅडम पाकीट उलटं करून खिडकीशी नेतात, चष्मा वर सरकवतात आणि तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत, पीपीडीचं पूर्ण नाव सापडतं. सर ते पुन्हा पुन्हा वाचतात. मुलांना शुद्धलेखन शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला, हे आपण वाचलं नाही, असं वाटू नये म्हणून मॅडम लगेच म्हणतात, "सर, हे वाचता येऊ नये असंच छापलंय."

खऱ्या मेंदीच्या पानातला रंग केशरी-तांबडा असतो आणि चढायला काही तास लागतात. काळी मेंदी म्हणून जी झटपट काळीभोर रंगते, तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेलं असतं. लहान मुलांच्या हातांवर लग्नात काढलेल्या अशा काळ्या मेंदीनं ही ॲलर्जी एकदा बसली की मोठेपणी केस रंगवताना ती चेहऱ्यावर उठते. सरांना एक गोष्ट जास्तीची सांगितली जाते. जागा बधिर करायला लावतात ते बेंझोकेन आणि कपड्यांतले काही रंग पीपीडीच्या जवळचे आहेत. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर हा कागद दाखवा.

काकूंच्या पाठीवर तीन जागा लाल आहेत: लसूण, निकेल आणि फॉर्माल्डिहाइड. शेवटची अगदी फिकट. काकूंना धसका बसतो. "एवढं सगळं?" मॅडम म्हणतात, "आज काही ठरवायचं नाही. शुक्रवारी बघू."

गवंड्यांची पाठ जवळजवळ कोरी आहे. क्रोमियमच्या जागी किंचित गुलाबी, हाताला काही लागत नाही. वहीत प्रश्नचिन्ह पडतं. ते आरशात मान वळवून बघतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. काही निघालं नाही तर पुन्हा तीच ट्यूब. तीन दिवसांची मजुरी बुडवून ते इथे बसले आहेत.

आजोबांचं उत्तर मात्र आजच आलं आहे. गाजरगवताची जागा तांबडी होऊन वर आली आहे. "रात्री तिथंच आग होत होती," ते म्हणतात. "मी हात नाही लावला."

हे गवत मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्यात दिसलं, आणि १९५६ मध्ये आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. परदेशी गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं मानलं जातं. तिथून ते बांधावर, रेल्वेच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात पसरलं. गावोगाव त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९८४ मध्ये त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे बंगळुरूला सोडले गेले; पावसाळ्यात ते पानं फस्त करतात, पण गवत संपलेलं नाही. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन असतं. गवत वाळून चुरा झालं तरी ते धुळीबरोबर उडतं. म्हणून आजोबांनी गवताला हात न लावताही चेहरा पेटतो, आणि म्हणून तो पापण्यांवर आणि गळ्याच्या त्रिकोणात पेटतो. वारा तिथेच लागतो.

शुक्रवार

आज पट्ट्या नाहीत, ठसे नाहीत. कुणाच्या पाठीवर काही उरलं आहे का, एवढंच बघायचं. भाजल्यासारखी लाली दोन दिवसांत विरते. ॲलर्जीची खूण या दोन दिवसांत चढते. त्यासाठीच हा तिसरा फेरा, आणि घाईघाईनं बुधवारीच निकाल देणाऱ्या चाचणीत नेमका हाच हरवतो.

गवंडी आधी येतात. बनियन वर करतात आणि खोलीतल्या तिघी एकदम वाकतात. बुधवारी जिथे किंचित गुलाबी होतं, तिथे आज घट्ट उंचवटा आहे आणि त्यावर मोहरीएवढे फोड. मॅडम त्यावरून बोट फिरवतात. "दोन अधिक. क्रोमियम." मग दुसऱ्या पट्टीच्या जागी पाहतात. "आणि थायुरम साफ. रबराची बाकी रसायनंही साफ. दादा, हे फार चांगलं झालं. तुम्हाला रबरी मोजे चालतील."

"मोजं घातलं होतं की. उलट जास्ती झालं."

"आखूड होतं ना? मनगटातून माल आत गेला?"

ते मान डोलवतात. ओलं सिमेंट अतिशय दाहक असतं. मोज्यात अडकलं की दिवसभर हात त्यातच भिजत राहतो. मॅडम लांब बाह्यांचा मोजा कपाटातून काढून त्यांच्या हातात घालतात. आत सुती मोजा, वर हा. आत काही गेलं की लगेच काढायचा, हात साध्या पाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, व्हॅसलिन चोपडायचं. रॉकेलनं किंवा थिनरनं हात धुवायचे नाहीत. पंधरा दिवस मॅडमनी लिहून दिलेलं मलम, फक्त हातावर, आणि मग थांबवायचं. बूट नि पट्टा कातड्याचे असतील तर तेही बघायला हवं, कारण आजकालचं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनीच कमावलेलं असतं; हिरडा आणि बाभळीची साल वापरून जुन्या पद्धतीनं कमावलेल्या कोल्हापुरी चपलेत ते नसतं.

सिमेंटमधलं हे क्रोमियम भट्टीत जाणाऱ्या कच्च्या मालातून येतं आणि पाण्यात विरघळून कातडीत शिरतं. सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळलं की ते कातडीत सहज न शिरणाऱ्या रूपात बदलतं. डेन्मार्कनं हे १९८०च्या दशकातच सुरू केलं. युरोपीय संघानं २००५ पासून विरघळणाऱ्या क्रोमियमवर दशलक्ष भागांत दोन भागांची मर्यादा घातली. रसायन स्वस्त आहे, पद्धत माहीत आहे. आपल्याकडे लाखो माणसं उघड्या हातांनी माल कालवतात. त्यांच्यासाठी ही मागणी डॉक्टरांनी, इंजिनिअरांनी, घर घेणाऱ्या आपण सगळ्यांनी करायला हवी.

काकूंची फॉर्माल्डिहाइडची लाली गेली आहे. लसूण चढला आहे, निकेलही आहे. "निकेल खरं आहे," मॅडम सांगतात, "पण ते तुमच्या बोटांचं कारण नाही. तरुणपणी खोट्या कानातल्यांनी कान फुटायचे का?" काकू हसून हो म्हणतात. पाठीवर काय उठलं हे अर्धं उत्तर. ते आजच्या दुखण्याशी जुळतं का, हे माणसाच्या दिवसभराच्या कामात शोधावं लागतं. बोटांची टोकं निकेल सांगत नाहीत, लसूणच सांगतात. लसणाचं हे रसायन बहुतेक मोज्यांतून आरपार जातं, म्हणून इथे मोज्यांवर भिस्त ठेवता येत नाही. सोलायचं काम दुसऱ्या कुणाकडे, नाहीतर सोललेला लसूण आणून थेट मिक्सरमध्ये. "खायला हरकत नाही ना?" काकूंना मुलांच्या जेवणाची काळजी. खाण्यानं बहुतेकांना काही होत नाही, अंगावर काही उठलं तर या, असं मॅडम सांगतात.

आजोबांचा निकाल सांगताना मॅडम खुर्ची पुढे ओढून बसतात. गाजरगवत उपटायला आता त्यांनी जायचं नाही. घरातल्यांनी मोजे घालून, तोंड झाकून, फुलं यायच्या आधी उपटायचं. जाळायचं तर नाहीच. रानातून आल्यावर आंघोळ, कपडे वेगळे, वाळत घालायचे ते बांधाकडे नाहीत. रोग पुन्हा भडकला तर अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या आहेत, रक्त तपासत तपासत द्यायच्या. मग त्या विचारतात, "शेतात काय आहे सध्या?"

"ऊस आहे. अन् अर्धा एकर शेवंती."

मॅडम जरा थांबतात. शेवंती गाजरगवताच्याच कुळातली. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्यानं त्रास होऊ शकतो. आजोबा ऐकून घेतात. दसरा-दिवाळीला मार्केट यार्डात जाणाऱ्या फुलांवर घरातलं काय काय चालतं, ते सांगतात. तोडणी सुना करतील, पण गाडी भरायला आपणच असतो. मॅडम त्यांना शेवंती काढून टाका म्हणत नाहीत. पुढच्या वेळी पान-फूल घेऊन या, तपासू. तोवर तोडणीला आणि गाडी भरायला तुम्ही नको. त्या हे कागदावर लिहितात आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला वाचून दाखवायला सांगतात. तो वाचतो, अडतो तिथे मॅडम शब्द सोपा करतात.

मला या खोलीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. संपर्कातल्या ॲलर्जीला मुळापासून काढणारी गोळी नाही. शरीरानं एकदा पटवलेली ओळख पुसता येत नाही. तिच्यावरचा खरा उपचार म्हणजे पदार्थाचं नाव कळणं आणि त्या नावाला टाळून जगायची वाट सापडणं. हे दुसरं काम औषधापेक्षा अवघड आहे, कारण त्यात डॉक्टरला मेसचं स्वयंपाकघर, ऊस-शेवंतीचं रान आणि बांधकामाची साइट समजून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो. सरकारी ओपीडीतली रांग पाहिली की हा वेळ कुठून निघतो, असा प्रश्न पडतो. पण तो निघतो आहे, आणि अशा खोल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असल्या पाहिजेत.

गवंडी जायला निघत नाहीत. मोजे हातात तसेच आहेत. "मॅडम, ठेकेदाराला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणंल, काम चुकवतोय." फोन लागतो. मॅडम पहिल्यांदा स्पष्ट करतात की हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मग मालाशी संबंध येणार नाही असं काम साइटवर कोणतं, ते विचारतात. पलीकडून थोडी घासाघीस होते. सेंट्रिंगच्या टोळीत फळ्या ठोकायला माणूस हवा आहे. मजुरी गिलाव्यापेक्षा कमी. गवंडी डोळे मिटून हिशेब करतात आणि हो म्हणतात. थायुरम साफ आहे, मोजे मिळाले आहेत. हात भरून आले की मोजे घालून पुन्हा गिलाव्याला जाता येईल का, हे सहा आठवड्यांनी बघायचं ठरतं. केसपेपरवर तारीख पडते.

सर अजून रंगाचं पाकीट हातात धरून बसले आहेत. कंपनीला पत्र लिहायचं म्हणतात. लिहावंच त्यांनी, आणि त्यांच्या जोडीला आपणही. रंगाच्या पाकिटावर, सिमेंटच्या गोणीवर, खोट्या दागिन्यांच्या डबीवर, मलमाच्या ट्यूबवर आत काय आहे ते मराठीत आणि डोळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापलेलं असलं पाहिजे. त्या वस्तू ज्यांच्या हातांना आणि चेहऱ्याला लागतात, त्यांचा तो हक्क आहे.